नवी नोकरी शोधताना अर्ज सहाव्या टप्प्यावर येतो

“शंभर ठिकाणी अर्ज केले, एकाही ठिकाणाहून फोन नाही. जरा माझा रेझ्युमे बघता का?” हा निरोप मला इतक्यांदा येतो की आता रेझ्युमे उघडण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: हे शंभर अर्ज किती दिवसांत केले? उत्तर बहुधा ‘आठ-दहा दिवसांत’ असं येतं. म्हणजे दिवसाला दहा. दिवसाला दहा जाहिराती नीट वाचूनही होत नाहीत, त्यांना उत्तर देणं तर लांबच.

मी बरीच वर्षं भरतीच्या कामात आहे. आलेले अर्ज चाळते, मुलाखती घेते, ऑफर देते. मधे एकदा माझीही नोकरी गेली, आणि तेव्हा मीही हेच केलं होतं: त्याच रात्री जुना रेझ्युमे काढला, शेवटची ओळ बदलली आणि दिसेल तिथे पाठवला. दोन महिने असेच गेले. माझी मेहनत कमी पडली नव्हती, क्रम उलटा झाला होता.

आज हा उलटा क्रम आणखी महाग पडतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं, आणि तेव्हापासून पाच मिनिटांत नीटनेटका अर्ज तयार करणं कुणालाही जमू लागलं. एका जागेसाठी येणारे अर्ज वाढले आणि ते एकमेकांसारखे दिसू लागले. अशा ढिगात आणखी एक अर्ज टाकून काही होत नाही. खाली नऊ टप्पे दिले आहेत. वाचताना कंटाळा आला तरी पहिले पाच वगळू नका.

## टप्पा १: शोध सुरू करण्याआधीची तयारी

पैशाचा हिशोब. महिन्याचा टाळता न येणारा खर्च लिहून काढा: घर, हप्ते, शाळा, औषधं, विमा. हातातल्या शिलकीला त्याने भागा. येणारा आकडा म्हणजे तुमच्याकडे असलेले महिने. हा आकडा बघायची भीती वाटते, म्हणून लोक तो काढत नाहीत आणि मग आठव्या आठवड्यात घाबरून मिळेल ते स्वीकारतात. सहा महिने किंवा जास्त असतील तर निवडून शोधा. तीनपेक्षा कमी असतील तर दोन मार्ग एकदम चालवा: लगेच मिळेल असं तात्पुरतं काम आणि त्यासोबत खरा शोध. तात्पुरतं काम धरण्यात कमीपणा नाही, पण शोधाचे तास आधीच राखून ठेवा.

कागदपत्रं. नेमणूक पत्रं, पगारपत्रकं, पगारवाढीची आणि बढतीची पत्रं, प्रमाणपत्रं, प्रत्येक ठिकाणची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख. हे सगळं स्वतःच्या जागी आजच ठेवा. कपात जाहीर झाली की कित्येक ठिकाणी त्याच दिवशी लॉगिन बंद होतं आणि स्वतःचं पगारपत्रकही दिसेनासं होतं.

> सावधान: स्वतःची कागदपत्रं घेणं वेगळं आणि ग्राहकांच्या याद्या, कोड, दरपत्रकं, अंतर्गत अहवाल घेणं वेगळं. दुसऱ्या गटातलं काहीही स्वतःच्या मेलवर पाठवू नका. ते पकडलं जातं, आणि त्यापायी चांगली माणसं नोकरी सोडतानाच अडकलेली मी पाहिली आहेत.

गुप्तता. सध्या नोकरी असेल तर ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा मेल आणि ऑफिसचं वायफाय या शोधासाठी वापरू नका. लिंक्डइनवर ‘नोकरीसाठी उपलब्ध’ ही खूण फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असं ठेवता येतं, पण ती तुमच्या कंपनीला कधीच कळणार नाही याची पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही. कळलं तर चालणार नसेल, तर ती खूण लावूच नका.

## टप्पा २: कामाची वही

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. रेझ्युमेला हात लावण्याआधी एक वही किंवा साधी फाइल करा. प्रत्येक नोकरीसाठी, प्रत्येक महत्त्वाच्या कामापुढे चार गोष्टी लिहा:

1. मी हे काम हातात घेतलं तेव्हा परिस्थिती काय होती?
2. मी नेमकं काय केलं?
3. त्यानंतर काय बदललं?
4. याला दुजोरा कोण देईल?

एका बैठकीत हे होत नाही. दोन-दोन तासांच्या तीन बैठका धरा. जुने मेल, कॅलेंडर, पगारवाढीच्या वेळी भरलेले फॉर्म चाळा, आठवत नाही असं वाटणारं बरंच सापडतं.

ही वही का हवी ते एका उदाहरणाने सांगते. ओळखीच्या एक बाई सहा वर्षं डिस्पॅच विभाग, म्हणजे माल गाड्यांत भरून रवाना करणारा विभाग, सांभाळत होत्या. रेझ्युमेत एकच ओळ होती: ‘डिस्पॅच विभागाचे कामकाज पाहणे.’ मी विचारलं, “चुकीचा माल गेल्याच्या तक्रारी किती यायच्या?”

“आधी रोज दोन-तीन यायच्या. मग मी गाडी भरण्याआधी खोक्यांवरचे नंबर एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने चलनावर खूण करायची, असं सुरू केलं. आता आठवड्याला एखादी येते.”

“मग हे रेझ्युमेत कुठे आहे?”

“ते काय लिहायचं? ते तर रोजचंच काम.”

नवी ओळ अशी झाली: ‘रोज सुमारे पंधरा गाड्यांचे डिस्पॅच, चार जणांची टीम. गाडी भरण्याआधी दुहेरी पडताळणी सुरू केली. चुकीच्या मालाच्या तक्रारी रोज दोन-तीनवरून आठवड्याला एकावर आल्या.’ माणूस तोच, काम तेच. पहिली ओळ जागेचं वर्णन करते, दुसरी त्या जागेवरच्या माणसाचं.

‘माझ्या कामात आकडे नसतात’ असं बरेच जण म्हणतात. शिक्षक, परिचारिका, स्वागतकक्ष, कायदा, लेखन, सगळीकडे म्हणतात. तेव्हा असे प्रश्न विचारून बघा: किती माणसांसाठी, किती वेळा, किती दिवसांत, किती जणांसोबत, किती चुका कमी, कोणतं काम तुम्ही रजेवर असलात की अडतं? आकडा खरोखर माहीत नसेल तर बनवू नका. ‘सुमारे’ लिहा, किंवा आकड्याशिवाय बदल सांगा.

> तपासा: वहीत किमान बारा नोंदी आहेत का? त्यातल्या कुठल्याही नोंदीवर, समोर कागद न ठेवता, दोन मिनिटं बोलता येतं का?

## टप्पा ३: जाहिराती वाचा, अर्ज करू नका

आता एकाच प्रकारच्या कामाच्या वीस-पंचवीस जाहिराती गोळा करा. अजून कुठलंही बटण दाबायचं नाही. एका तक्त्यात लिहा: पदाचं नाव, मागितलेली कामं, साधनं आणि सॉफ्टवेअर, अनुभव. मग खुणा मोजा. निम्म्याहून अधिक जाहिरातींत येणारी गोष्ट त्या कामाचा गाभा आहे. दोन-तीन ठिकाणीच दिसणारी गोष्ट म्हणजे त्या त्या कंपनीची आवड, तिच्यामागे धावू नका.

पदांच्या नावांवर विश्वास ठेवू नका. एकच काम चार कंपन्यांत चार नावांनी चालतं, आणि तुम्ही एकच नाव शोधत बसलात तर उरलेल्या तिन्ही ठिकाणच्या जागा तुम्हाला दिसतच नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय वर्गीकरणात जगभरातली कामं ४३६ गटांत बसवली आहेत. अमेरिकेच्या ओ-नेट या विनामूल्य माहितीकोशात प्रत्येक व्यवसायापुढे त्यातली रोजची कामं, लागणारी कौशल्यं आणि पर्यायी पदनावं दिलेली असतात. तुम्ही कुठल्याही देशात असा, आपल्या कामाला आणखी काय म्हणतात आणि त्याच्या शेजारची कामं कोणती, हे पाहायला अर्धा तास तिथे घालवा.

मग कामाची वही शेजारी ठेवा आणि जाहिरातींच्या गाभ्याचे तीन ढीग करा:

- येतं, आणि पुरावा आहे. हे रेझ्युमेत वर जाणार.
- येतं, पण पुरावा नाही. दोन-तीन आठवड्यांत पुरावा तयार करा: छोटा प्रकल्प, कामाचा नमुना, एखाद्या संस्थेसाठी केलेलं काम.
- येत नाही. निम्म्याहून अधिक जाहिरातींत असेल तर शिकायलाच हवं, नाहीतर शेजारचं दुसरं पद बघा.

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात कंपन्यांनी अंदाज दिला आहे की २०३० पर्यंत कामाला लागणाऱ्या मुख्य कौशल्यांपैकी ३९ टक्के बदलतील. असा आकडा वाचला की लोक घाबरून कोर्सवर कोर्स लावतात. मी हे फार पाहिलं आहे: सात प्रमाणपत्रं, आणि एकातलंही काही करून दाखवता येत नाही. कोर्स करताना आपण काहीतरी करतोय असं वाटतं, नकारही पचवावा लागत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो. एक कौशल्य घ्या, त्यातून एक छोटी गोष्ट करून दाखवा, मग पुढचं.

> तपासा: मी कोणतं काम शोधतोय किंवा शोधतेय, हे एका वाक्यात सांगता येतं का? दोनपेक्षा जास्त प्रकारची पदं मनात असतील तर पुढे जाऊ नका. ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याला मदत करणं कुणालाच जमत नाही.

## टप्पा ४: रेझ्युमे

आता लिहायला घ्या. आधीचे दोन टप्पे नीट झाले असतील तर हे एका संध्याकाळचं काम आहे.

मोठ्या आणि मध्यम कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो. त्याला एटीएस म्हणतात. ते तुमच्या फाइलमधला मजकूर उपसून रकान्यांत भरतं आणि भरती करणारी व्यक्ती त्यात शब्द टाकून शोधते. बहुतेक ठिकाणी आपोआप नकार येतो तो अर्जाच्या फॉर्ममधल्या प्रश्नांवरून: अनुभव किती वर्षं, त्या देशात काम करायची परवानगी आहे का, स्थलांतर करणार का. म्हणून फॉर्म घाईत भरू नका. एका चुकीच्या खुणेने सगळं संपतं.

मांडणीत एवढं पाळा:

- एकच रकाना. दोन रकाने, तक्ते, मजकुराच्या चौकटी, चिन्हं नकोत.
- नाव, फोन, मेल पानाच्या हेडर-फूटरमध्ये न टाकता मुख्य मजकुरात.
- शीर्षकं साधी: अनुभव, शिक्षण, कौशल्ये.
- तारखा महिना-वर्षासह, आणि टप्पा १ मधल्या कागदपत्रांशी जुळणाऱ्या. पडताळणीत तारखा जुळल्या नाहीत म्हणून ऑफर परत घेतल्या जातात.
- एक किंवा दोन पानं. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पद, ‘फायनल-नवीन-३’ नको.

पानाचा वरचा तिसरा भाग ठरवतो की पुढे वाचायचं की नाही. तिथे शोधत असलेलं पद आणि त्याखाली तीन ओळी: किती आणि कशाचा अनुभव, वहीतली सगळ्यात भक्कम नोंद, गाभ्यातली दोन-तीन साधनं. ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करणारा’ या ओळी काढून टाका. त्या खोट्या नसतात, पण प्रत्येकाच्या असतात.

नोकरीत खंड असेल तर लपवू नका. ‘मार्च ते नोव्हेंबर: कुटुंबातील आजारपणासाठी पूर्णवेळ घरी’ ही एक ओळ पुरते. लपवलेला खंड मुलाखतीत सापडला की पुढची वीस मिनिटं त्यातच जातात.

एआयचा वापर. जरूर करा. जाहिरात आणि तुमचा रेझ्युमे दोन्ही देऊन ‘यात काय राहिलंय’ असं विचारा. लांब ओळी छोट्या करून घ्या, भाषा तपासून घ्या. पण वहीत नसलेली एकही गोष्ट आत येऊ देऊ नका. ‘ग्राहक समाधानात ३५ टक्के वाढ’ अशी ओळ वाचून मी एका उमेदवाराला विचारलं, हे मोजलं कसं? तो गप्प झाला. पुढची खरी कामंही मग त्याला नीट सांगता आली नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटलं, कारण बाकीचा रेझ्युमे चांगला होता. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून टाकायची युक्तीही करू नका. मजकूर उपसला की ती अक्षरं सरळ समोर दिसतात.

> तपासा: रेझ्युमे उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करा, साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी वाचता येतील अशा क्रमाने आल्या का? फोन नंबर दिसतो का? इथे गोंधळ दिसला तर सॉफ्टवेअरलाही बहुधा तोच दिसणार.

## टप्पा ५: माणसं

इथे बहुतेकांचं पाऊल अडखळतं. मागायला लाज वाटते. किंवा उलट, सगळ्यांना एकदम ‘काही असेल तर कळव’ असा निरोप जातो.

कुणाला लिहायचं? जवळच्या मित्रांना सांगाच, पण त्यांना बहुधा तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरी कळली त्याला तुम्ही किती वेळा भेटायचा. ‘नेहमी’ म्हणणारे १६.७ टक्के, ‘अधूनमधून’ म्हणणारे ५५.६ टक्के आणि ‘क्वचित’ म्हणणारे २७.८ टक्के निघाले. हे काम १९७० च्या दशकातलं आहे. पण २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक सदस्यांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्यांतही फार घट्ट नाही, अगदी तुटकही नाही, अशा ओळखींमुळेच नोकरी बदलायला सगळ्यात जास्त मदत झाल्याचं दिसलं.

तेव्हा तीस नावांची यादी करा: जुने सहकारी, आधीचे वरिष्ठ, एकत्र प्रकल्प केलेले ग्राहक आणि पुरवठादार, वर्गमित्र, एखाद्या प्रशिक्षणात भेटलेली माणसं. आठवड्याला पाच-सहा जणांना लिहा. नोकरी मागू नका, माहिती मागा.

न चालणारा निरोप: ‘हाय, बरेच दिवसांनी. तुमच्याकडे काही ओपनिंग असेल तर सांग ना. रेझ्युमे जोडलाय.’ यावर समोरच्याने करायचं काय? त्याला तुमचं काम आठवत नाही, काय हवं ते कळत नाही, म्हणून तो अंगठा पाठवतो आणि विसरतो.

चालणारा निरोप: ‘नमस्कार. गोदामाचं सॉफ्टवेअर बदललं तेव्हा आपण तीन महिने एकत्र काम केलं होतं. मी आता डिस्पॅचकडून मालाच्या नियोजनाकडे वळतेय. तुमच्या विभागात हे काम रोज प्रत्यक्षात कसं चालतं आणि नव्या माणसात काय बघतात, हे समजून घ्यायचं आहे. पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं बोलता येईल का? जमत नसेल तरी हरकत नाही.’

बोलताना तीन गोष्टी विचारा: या कामात सध्या काय बदलतंय, माझ्यात काय कमी दिसतं, आणि आणखी कुणाशी बोलावं. पंधरा मिनिटं झाली की स्वतःहून थांबा. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा, नंतर सोडून द्या.

> सावधान: ओळखीतून रेफरल (तिथे काम करणाऱ्याने तुमचं नाव सुचवणं) मिळणार असेल तर आधी स्वतः पोर्टलवर अर्ज करू नका. कित्येक कंपन्यांत तुमचं नाव सिस्टिममध्ये आधीच असेल तर नंतरचं रेफरल धरलं जात नाही. आधी रेफरल, मग त्या दुव्यावरून अर्ज.

## टप्पा ६: अर्ज

आता बटण. आठवड्याला पाच ते आठ अर्ज, त्याहून जास्त नको.

अर्ज करण्याआधी ती जागा खरी आहे का ते बघा. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती दिसते का? तीच जाहिरात महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा टाकली जातेय का? काही जागा आतल्या माणसासाठी ठरलेल्या असतात, काही नुसती नावं गोळा करायला उघड्या ठेवलेल्या असतात. अशा ठिकाणी संध्याकाळ घालवू नका. नवी आणि पक्की जागा दिसली की मात्र दोन-तीन दिवसांत अर्ज करा. पुरेसे अर्ज आले की कित्येक ठिकाणी शेवटच्या तारखेआधीच चाळणी सुरू होते.

प्रत्येक अर्जासाठी वीस मिनिटं द्या. वरच्या तीन ओळी त्या जाहिरातीप्रमाणे बदला, लागू पडणाऱ्या नोंदी वर आणा, आणि एकाच गोष्टीला दोन शब्द असतील तर त्यांचा शब्द वापरा. पत्र मागितलं असेल तर तीन छोटे परिच्छेद: हीच जागा का, वहीतली एक नोंद सविस्तर, कधीपासून येऊ शकता.

आणि अर्ज करताच जाहिरातीचा पूर्ण मजकूर साठवून ठेवा. जागा बंद झाली की जाहिरात गायब होते, आणि तीन आठवड्यांनी मुलाखतीचा फोन येतो तेव्हा त्यांनी नेमकं काय मागितलं होतं ते तुमच्याकडे नसतं. तारीख, पद, पाठवलेली रेझ्युमेची प्रत, ओळखीचं कुणी, पुढची तारीख, एवढ्या रकान्यांचा तक्ता पुरे.

> सावधान: नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉप, ‘परत मिळणारी अनामत’, कुठल्याही नावाने पैसे मागितले की तिथेच थांबा. फक्त चॅटवर मुलाखत, लगेच ऑफर, कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदललेला मेल पत्ता, ऑफरआधीच ओळखपत्र आणि बँकेचा तपशील मागणं, या सगळ्या फसवणुकीच्या खुणा आहेत. शंका आली तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर स्वतः शोधून विचारा, त्यांनी दिलेला नाही. नोकरी गेलेल्या माणसाची घाई या लोकांना बरोबर कळते, म्हणून हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

कुठे अडलंय ते ओळखा. वीस नीट केलेल्या अर्जांनंतर तक्ता बघा. एकही फोन नसेल तर टप्पा ३ आणि ४ कडे परत जा: पद चुकीचं निवडलंय किंवा वरच्या तीन ओळी काही सांगत नाहीत. फोन येतात पण पुढची फेरी होत नाही, तर अडचण मुलाखतीत किंवा पगाराच्या आकड्यात आहे. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन थांबत असाल तर तयारी ठीक आहे, ज्यांची नावं संदर्भासाठी दिलीत त्यांच्याशी बोलून घ्या आणि चालू ठेवा. अडलेली जागा न बघता फक्त अर्ज वाढवणं, हीच सुरुवातीची चूक पुन्हा होते.

## टप्पा ७: मुलाखत

वहीतल्या आठ नोंदी निवडा आणि प्रत्येकीची दोन मिनिटांची गोष्ट करा: परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलं, निकाल काय लागला. त्यात एक अपयशाची, एक मतभेदाची, एक नवं शिकल्याची असू द्या. बहुतेक प्रश्नांना यातलीच एखादी लागू पडते. मनात म्हणून उपयोग नाही. मोठ्याने बोला, फोनवर रेकॉर्ड करा, ऐका. पहिल्यांदा ऐकताना परिस्थिती सांगण्यातच दीड मिनिट गेलेलं दिसेल. ते वीस सेकंदांवर आणा, कारण आम्हाला तुम्ही काय केलं ते ऐकायचं असतं.

आपल्यातल्या अनेकांना ‘मी’ म्हणायला संकोच वाटतो, सगळं ‘आम्ही केलं’ असं येतं. टीमला श्रेय द्या, पण एकदा तरी स्पष्ट सांगा: यातला हा भाग माझा होता. ते न कळल्यामुळे चांगल्या माणसांना नकार गेलेले मी पाहिले आहेत.

कपातीत नोकरी गेली असेल तर दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला: ‘आमचा पूर्ण विभाग बंद झाला. मी शेवटच्या दिवसापर्यंत ग्राहकांचं काम दुसऱ्या टीमकडे सोपवत होते.’ जुन्या वरिष्ठांबद्दलचा राग, कितीही रास्त असला तरी, इथे नको.

पगाराची अपेक्षा पहिल्याच फोनवर विचारली तर आधी ‘या पदासाठी तुम्ही काय ठरवलं आहे?’ असं विचारून बघा. सांगावंच लागलं तर बाजारभाव बघून ठरवलेला पट्टा सांगा, ज्याचं खालचं टोकही तुम्हाला चालेल. समोर माणूस नसलेली, रेकॉर्ड करायची मुलाखत असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि उत्तरं छोटी द्या.

शेवटी तुम्ही विचारायचे प्रश्न: ही जागा का रिकामी झाली? पहिल्या तीन महिन्यांत काय झालं तर तुम्ही म्हणाल की निवड बरोबर होती? या प्रश्नांची उत्तरं देताना समोरचे घुटमळले तर ते लक्षात ठेवा.

> तपासा: मुलाखत संपल्यावर तासाभरात विचारलेले सगळे प्रश्न लिहून काढले का? दुसऱ्या दिवशी आभाराच्या चार ओळी गेल्या का?

## टप्पा ८: ऑफर

तोंडी होकाराचा आनंद घ्या, पण बाकीचे अर्ज थांबवू नका. लेखी ऑफर आली की बघा: निश्चित पगार किती आणि कामगिरीवर अवलंबून किती, पद, कामाचं ठिकाण आणि घरून काम करण्याची लेखी मुभा, रजा, परिवीक्षा काळ (प्रोबेशन), नोटीस पीरियड, नोकरी सोडल्यावर लागू होणाऱ्या अटी, आणि ‘पडताळणीच्या अधीन’ असं वाक्य.

वाटाघाट ऑफर आल्यानंतर आणि स्वीकारण्याआधी, एकदाच करा. सगळ्या मागण्या एकत्र, महत्त्वाची पहिली. आज पगार, उद्या रजा, परवा रुजू होण्याची तारीख असं तुकड्यांत मागितलं की समोरचा वैतागतो. कारण कामाचं द्या, घरखर्चाचं नाही: ‘तुम्ही सांगितलेल्या कामात दोन गोदामांचं नियोजन आहे, त्यासाठी बाजारात अमुक मिळतात.’ सभ्यपणे मागितलं म्हणून ऑफर परत घेतली जाणं क्वचितच घडतं.

## टप्पा ९: राजीनामा आणि पहिला आठवडा

क्रम असा ठेवा: सह्या झालेली लेखी ऑफर, पडताळणी आणि इतर अटी पूर्ण झाल्याचा मेल, रुजू होण्याची लेखी तारीख, मग वरिष्ठांशी समोरासमोर बोलणं, आणि त्याच दिवशी राजीनाम्याचा छोटा मेल. तोंडी शब्दावर राजीनामा देऊन दोन्हीकडून राहिलेली माणसं माझ्याकडे आली आहेत. त्यांना तेव्हा काही सुचवण्यासारखं माझ्याजवळ फार थोडं होतं.

जुन्या कंपनीने पगार वाढवून थांबवायचा प्रयत्न केला तर सोडायचं मूळ कारण काय होतं ते आठवा. ते पगार सोडून दुसरं काही असेल, तर पगारवाढीने ते जाणार नाही. जाताना कामाची यादी, चालू प्रकरणं, कुठे काय आहे, हे लिहून द्या आणि अनुभवाचं पत्र हातात घ्या.

नव्या ठिकाणी पहिल्या शुक्रवारी कामाची वही उघडा आणि पहिला रकाना भरा: मी आले तेव्हा इथे परिस्थिती काय होती? किती तक्रारी, किती दिवसांची थकबाकी, किती माणसं. दोन वर्षांनी झालेला बदल दाखवायला हाच आकडा लागतो, आणि तेव्हा तो कुणालाच आठवत नसतो.